आई नीट बोलायची

आईला झटका आला तेव्हा बाई आठवीच्या वर्गाला भूतकाळ शिकवत होत्या. शाळेचा शिपाई दारात येऊन घुटमळला. बाईंनी हातानंच त्याला थांबवलं, फळ्यावरचं वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला आणि मगच बाहेर आल्या. निरोप ऐकल्यावर मात्र पर्स घ्यायचंही भान राहिलं नाही. खडू मुठीत तसाच धरून त्या इस्पितळात पोचल्या.

थोडक्यात निभावलं होतं. उजव्या हाताला मुंग्या, ओठाचा एक कोपरा जरासा उतरलेला, बाकी आई शुद्धीवर होती. दोन-तीन दिवसांत ती उशीला टेकून बसू लागली आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला कारखान्यातल्या गोष्टी सांगू लागली. वॉर्डाच्या दारातूनच तिचा आवाज कानावर आला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. पण त्याच क्षणी त्यांनी मागे वळूनही पाहिलं. कुणी ओळखीचं ऐकत तर नाही ना?

ही सवय त्यांना लहानपणापासूनची.

त्या गावात सगळे इंग्रजीच बोलत. पण इंग्रजी दोन होत्या. चढावरच्या वस्तीत, शाळेत, कचेरीत, इस्पितळात पुस्तकातली इंग्रजी चाले. खाली काचकारखान्याभोवतीच्या गल्ल्यांत जी चाले तिला सगळे भट्टीची इंग्रजी म्हणत. कारखाना उभा राहिला तेव्हा पाच-सहा मुलखांतली माणसं पोटासाठी तिथं आली होती. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. मुकादमाच्या तोंडची इंग्रजी तेवढी सगळ्यांच्या कानावर पडे, आणि तीही भट्टीच्या घरघरीत. शब्दांची शेपटं कुणाला ऐकूच यायची नाहीत, असं जुनी माणसं सांगत. हाती लागले ते तुकडे जोडून त्यांनी काम भागवलं. त्यांच्या पोरांनी त्याच तुकड्यांची भाषा केली; तिच्यात भांडली, प्रेमात पडली, म्हातारी झाली. तिथं जुनी गोष्ट सांगायची तर सुरुवातीला एकदा ‘दॅट टाइम’ म्हणायचं की झालं. पुढची क्रियापदं आहेत तशीच. ‘ही कम, ही सिट, ही ईट.’ नाही म्हणायचं तर एका नकारानं भागत नसे. ‘नोबडी नॉट टेल मी नथिंग’ असं तीनदा ठोकलं की ऐकणाऱ्याची खात्री पटे. एखादं काम उरकलं असेल तर ‘डन’ लावायचा: ‘आय डन ईट.’ गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा यात कधी चुकत नसे. चढावर मात्र या सगळ्याला एकच नाव होतं, अडाणीपणा.

आई त्या कारखान्यात बाटल्या तपासायची. मागून उजेड सोडलेल्या पांढऱ्या काचेसमोरून बाटल्यांची रांग सरकत जाई आणि तडा गेलेली, बुडबुडा अडकलेली बाटली आई हात घालून बाहेर काढी. तिथल्या बायकांचे डोळे बाटल्यांवर आणि तोंडं मोकळी. आई त्यांच्यात सगळ्यांत बोलकी. मुकादमाची चाल, त्याचं खाकरणं, त्याच्या बायकोचं नाक मुरडणं, सगळं ती असं करून दाखवी की हसता हसता फुटकी बाटली पुढे निघून जाई. बाबा भट्टीवर फुंकणी फुंकायचे. दिवसभर फुप्फुसातली हवा काचेत भरून घरी आले की त्यांच्याकडे बोलण्यापुरतीही उरलेली नसे. त्यांच्या वाटचंही आईच बोलायची.

बाई हुशार निघाल्या. त्यांना चढावरच्या शाळेत जागा मिळाली. नवीन असतानाच एकदा वर्गात शाईची दौत सांडली. कुणी सांडली असं शिक्षिकेनं विचारलं, आणि ही पोर उठून म्हणाली, ‘‘आय नॉट स्पिल नथिंग.’’

‘‘काहीच नाही असं नाही!’’ शिक्षिका हसून म्हणाली. ‘‘म्हणजे काहीतरी सांडलंस. बघा, तिनं स्वतःच कबूल केलं.’’

वर्ग खो खो हसला. शाई तिनं सांडली नव्हती. पण पुसली तिनंच, आणि पुसता पुसता कानाला खडा लावला. शाळा संपेपर्यंत ती अशी बोलू लागली की कुठल्या गल्लीतून आली हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. घरीही ती तशीच बोले, आणि दुसऱ्यांनी तसं बोलावं असा हट्ट धरी. धाकटा भाऊ वाकुल्या दाखवी. बाबा ताटात बघत. आईला मात्र कोण कौतुक! ‘‘बाई आली रे, बाई आली! तोंडं सांभाळा!’’ म्हणून ती ओरडे. पुढे त्या खरंच शाळेत शिकवू लागल्या तेव्हा सगळं गावच त्यांना बाई म्हणू लागलं.

लग्न ठरलं ते चढावरच्या वकिलाच्या घरात. लग्नाच्या आदल्या दिवशी बाईंनी आईला बाजूला घेतलं.

‘‘आई, उद्या तिकडची सगळी माणसं येणार...’’

‘‘कळलं,’’ आई म्हणाली. ‘‘माझा घसा बसलाय.’’

आणि लग्नभर आई गळ्याला रुमाल गुंडाळून नुसती मान हलवत, हसत फिरली. विहीणबाईंना बिचारीची दया आली. त्यांनी स्वतः गरम पाणी आणून दिलं, ते आई घोट घोट पीत राहिली. धाकटा भिंतीला टेकून हे बघत होता. तो त्या दिवशी जेवला नाही.

पुढे बाईंचं नाव झालं. त्यांनी शाळेत शुद्ध बोलण्याच्या स्पर्धा सुरू केल्या. प्रत्येक वर्गात पाटी लागली, ‘इथे भट्टीची भाषा नको.’ मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी त्यांचं नाव चर्चेत होतं, आणि आई इस्पितळात खाटेवर पडली ती नेमकी त्याच दिवसांत.

आईचा हात सुधारत होता. ती त्याच हातानं केस विंचरू लागली होती. ‘‘मला घरी सोडा, माझी झाडं वाळली असतील,’’ असा तिनं धोशा लावला. घर म्हणजे कारखान्याच्या चाळीतल्या दोन खोल्या. बाबा गेल्यावरही त्या आईकडेच होत्या. राहील तोवर तिच्या, असा नियम होता. शेजारणी होत्या, धाकटा मालट्रक घेऊन दूर दूर जायचा, पण परत येई तो तिथंच. तरी ती एकटी राहू शकेल की नाही, हे आधी तपासायला हवं असं इस्पितळाचं म्हणणं पडलं.

तपासायला डॉक्टर आले ते तरुण होते, गावात नवीन होते आणि स्वभावानं मऊ. खुर्ची ओढून आईच्या डोळ्यांच्या पातळीत बसले. बाई पायथ्याशी उभ्या राहिल्या.

‘‘घरी कोण कोण असतं, आजी?’’

‘‘मी. मुलगा येऊन-जाऊन.’’

‘‘आणि यजमान? त्यांच्याबद्दल सांगा ना काहीतरी.’’

आईचा चेहरा उजळला. ‘‘दॅट टाइम,’’ ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, आणि मग नेहमीसारखी सुरू झाली. ‘‘ही कम होम लेट. ही सिट बाय द विंडो. ही नॉट टॉक नथिंग. आय टॉक, ही लिसन.’’

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं. यजमान वारल्याचं त्यात होतं.

‘‘म्हणजे ते घरी येतात?’’

‘‘एव्हरी डे,’’ आई म्हणाली. ‘‘आय वेट.’’

‘‘शेवटचे कधी आले होते?’’

शेवटचं म्हटल्यावर आईला तो दिवस आठवला. बाबांना भट्टीवरून चौघांनी उचलून आणलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि ती खिडकीकडे बघत बसली. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली, काहीतरी लिहिलं आणि हळूच विषय बदलला.

‘‘आता मी एक वाक्य म्हणतो, तेच तुम्ही म्हणा. ‘द बॉइज वेअर नॉट कॅरिंग एनीथिंग.’’’

‘‘द बॉय नॉट कॅरी नथिंग,’’ आई ठणठणीतपणे म्हणाली. त्यानं सांगितलं तेच तिनं सांगितलं होतं. पोरांच्या हातात काही नव्हतं, एवढंच ना?

पण तेवढ्यात तिची नजर बाईंकडे गेली. बाईंच्या कपाळावर आठी होती. बाईंना ती आहे हे माहीतसुद्धा नव्हतं. वर्षानुवर्षं ती अशीच आपोआप पडे. आई चपापली. डॉक्टरांनी तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं तेव्हा ती ठेचकाळत बोलली, ‘‘द बॉइजेस... वॉज... नॉट... कॅरीड...’’ दर शब्दाला ती लेकीच्या तोंडाकडे बघे, आणि तिथून काही कळेना की आणखी अडखळे. जिनं आयुष्यभर कुणाला पुढे बोलू दिलं नव्हतं तिच्या कपाळाला घाम फुटला. शेवटी शेवटी तर ‘आज वार कोणता’ या सोप्या प्रश्नालाही ती तोंड उघडण्यापूर्वी मनात जुळवाजुळव करू लागली. वार तिला ठाऊक होता. तो कसा सांगायचा हे कळत नव्हतं.

डॉक्टरांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. लहानशी खोली. टेबलावर मेंदूचा प्लास्टिकचा नमुना, त्याचे भाग सुटे होऊन पडलेले. परिचारिका कपाटाशी कागद लावत उभी होती. तिची मुलगी बाईंच्या वर्गात होती. ती बाईंकडे बघून आदरानं हसली.

‘‘एक गोष्ट मला तुमच्याकडूनच कळायला हवी,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘मी इथला नाही. खालच्या वस्तीतली माणसं निराळ्या तऱ्हेनं बोलतात असं ऐकतो. तुमच्या आई पहिल्यापासून अशाच बोलायच्या, की हे आता सुरू झालंय? खरं सांगायचं तर तुमचं बोलणं ऐकून त्या आधीपासून अशा बोलत असतील असं मला वाटत नाही. पण विचारायला हवं, यावर पुष्कळ अवलंबून आहे.’’

किती सोपं होतं! हो म्हणायचं. आमच्या घरी सगळे असेच बोलतात म्हणायचं. मीही अशीच बोलायचे, यात काही बिघडलेलं नाही, ‘दॅट टाइम’ म्हटलं की पुढचं सगळं जुनं असतं. बाईंना ते सगळं येत होतं. आईच्या दुधाबरोबर आलं होतं. परिचारिकेचे हात कागदांवर थांबलेले त्यांना दिसले.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आई नीट बोलायची.’’

शब्द निघून गेला. डॉक्टरांनी मान हलवली, ‘‘मलाही तेच वाटलं,’’ म्हणाले आणि लिहू लागले. बाई तिथंच बसून होत्या. आता म्हणू, मग म्हणू, असं त्यांच्या मनात येत होतं. परिचारिका बाहेर गेली की म्हणू. ती बाहेर गेली, तोवर डॉक्टर उठले होते.

निदान झालं ते असं: हात सावरेल, पण भाषा आणि काळाचं भान दोन्हींना धक्का बसलाय. मेलेला नवरा रोज घरी येतो असं रुग्णाला वाटतं. एकटं ठेवू नये. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी आई दुपारीही पेंगू लागली. मग तिला गावाबाहेरच्या आधारगृहात हलवलं. ‘‘थोडे दिवस,’’ असं बाईंनी तिला सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत होतं. चाळीतल्या खोल्या रिकाम्या झाल्यावर कारखान्यानं किल्ली मागितली. नियम तसाच होता.

धाकटा लांबच्या खेपेवरून परतला, चाळीत पत्ता काढून आधारगृहात आईला भेटला आणि तिथून सरळ बाईंच्या घरी आला. अंगावर ट्रकची धूळ, चेहरा लाल. आत यायला तयार नव्हता. दारातच उभा राहिला.

‘‘खोलीत दुसरंच कुणी राहतंय. आईला तिकडं का ठेवलंस?’’

बाईंनी सगळं सांगितलं. झटका, तपासणी, निदान. फक्त आपलं वाक्य सांगितलं नाही.

‘‘भाषेला धक्का?’’ तो म्हणाला. ‘‘मी आत्ता तिकडूनच येतोय. तिला भेटलो. ती नेहमीसारखीच बोलते. गोळ्यांनी जीभ जड झालीय तेवढीच. ताई, त्यांना हे कुणी सांगितलं नाही? तू होतीस ना तिथं?’’

‘‘डॉक्टर शिकलेले आहेत. त्यांनी तपासलंय.’’

‘‘मी तुला विचारतोय.’’

धाकट्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. खाली जे उरलं ते बघवत नव्हतं.

‘‘त्यांनी तुला विचारलं,’’ तो म्हणाला. ‘‘आणि तुला लाज वाटली.’’

तो स्वतः डॉक्टरांकडे गेला. बाईंना हे पुढे परिचारिकेकडून कळलं. तिनं ते गंमत म्हणून सांगितलं. रांगड्या माणसासारखा येऊन उभा राहिला म्हणे, आणि हात नाचवत म्हणाला, ‘‘शी नॉट सिक नोव्हेअर! शी ऑल द टाइम टॉक सो!’’ डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलाला काय वाटतं ते समजू शकतं, म्हणाले, पण घरातल्या सुशिक्षित व्यक्तीनं स्पष्ट सांगितलंय. धाकट्यानं आवाज चढवला, तेव्हा दरवानाला बोलावावं लागलं.

‘‘तुमचा भाऊ आहे असं वाटतच नाही हो,’’ परिचारिका म्हणाली. बाई हसल्या. त्या का हसल्या, हे त्यांना घरी जाईपर्यंत कळलं नाही, आणि घरी गेल्यावर त्या न्हाणीघराचं दार लावून बसून राहिल्या.

आधारगृह स्वच्छ होतं. भिंती फिक्या हिरव्या, जमीन पुसून पुसून गुळगुळीत झालेली, बैठकीच्या खोलीत टीव्ही अखंड चालू. रोज सकाळी वाणी सुधारायला एक मुलगी यायची, तिला सगळे ताई म्हणत. चित्रं दाखवून ती वाक्यं म्हणवून घेई. आईसाठी तिनं मुद्दाम एक वाक्य काढलं होतं, काळाचं भान यावं म्हणून. ‘माय हजबंड डाइड.’ माझे यजमान वारले. ते पाठोपाठ म्हणायचं, ‘डाइड’मधला शेवटचा ‘ड’ नीट ऐकू आला पाहिजे.

‘‘मला माहीत नाही का?’’ आईनं एकदा बाईंना विचारलं. गोळ्यांनी तिचे डोळे जड झाले होते. ‘‘मीच न्हाऊ घातलं ना त्यांना? मीच कपडे घातले. मग रोज सकाळी त्यांना माझ्याकडून का मारून घेतात?’’

‘‘व्यायाम आहे आई तो. जिभेचा.’’

‘‘जिभेचा,’’ आई म्हणाली, आणि भिंतीकडे बघू लागली.

सुरुवातीला ती तिथल्या बायकांशी बोलायला जाई. त्या चढावरच्या होत्या. तिनं गोष्ट सुरू केली की एकमेकींकडे बघून मान हलवत. एक-दोघी तर तिच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं मोठ्यानं, सावकाश बोलत. मग तिनं नाद सोडला. टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून राही. जेवायला उठवलं की उठे.

मुख्याध्यापिकेची जागा बाईंना मिळाली. छोटासा समारंभ झाला. एका पाहुण्यानं भाषणात म्हटलं की बाईंचं बोलणं ऐकणं हेच एक शिक्षण आहे. टाळ्या पडल्या. बाईंना घाम फुटला. नवऱ्याला वाटलं उकाड्यानं होतंय. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत न जाता इस्पितळात गेल्या, डॉक्टरांसमोर बसल्या आणि खरं ते सांगून टाकलं.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बराच वेळ ते मेंदूच्या नमुन्याचे तुकडे एकात एक बसवत राहिले.

‘‘मी तुम्हाला विचारलं होतं,’’ ते म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘दुसऱ्या कुणालाही विचारायला हवं होतं. तुमच्या भावाचं ऐकायला हवं होतं.’’ हे ते बाईंना म्हणत होते की स्वतःला, ते कळेना. ‘‘पुन्हा तपासतो. आजच.’’

ते दोघं मिळूनच आधारगृहात गेले. आई खुर्चीत होती. पूर्वीपेक्षा बारीक दिसत होती. डॉक्टरांनी तसंच समोर बसून विचारलं, ‘‘आजी, यजमानांबद्दल सांगा ना. तुमच्या नेहमीच्या बोलीत सांगा. जसं घरी बोलता तसं.’’

आईनं आधी बाईंकडे पाहिलं. मग ताठ बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

‘‘माय हजबंड डाइड,’’ ती म्हणाली. शेवटचा ‘ड’ स्वच्छ ऐकू आला.

‘‘ते खरं. पण ते कसे होते? भट्टीवरून आल्यावर काय करायचे?’’

‘‘माय हजबंड डाइड.’’

‘‘आई, तुला हवं तसं बोल,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी काही म्हणणार नाही. खरंच काही म्हणणार नाही.’’

‘‘आय ॲम व्हेरी वेल, थँक यू,’’ आई म्हणाली. पोपटासारखं. आणि मग हळूच, बाईंनाच ऐकू जावं इतक्या हळू, ‘‘बरोबर आलं ना?’’

डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. गोळ्या कमी केल्या. दर आठवड्याला येऊन बसू लागले. पण आईकडून शिकवलेल्या वाक्यांपलीकडे काही निघेना. आता तिचं काय बिघडलंय आणि काय आपण बिघडवलंय हे आपल्याला सांगता येत नाही, असं ते एकदा स्पष्टच म्हणाले. आणि समजा सांगता आलं असतं, तरी तिला पाठवायचं कुठं? खोल्या गेल्या होत्या. शेजारणी नातवंडांच्या व्यापात होत्या. धाकटा ट्रकमध्ये झोपत होता.

बाईंनी तिला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. नवऱ्यानं एका शब्दानं विरोध केला नाही. मागची खोली रिकामी केली, खाट लावली, आणि बाई आईला सांगायला गेल्या. त्या दिवशी आई जरा शुद्धीत होती.

‘‘नको,’’ आई म्हणाली.

‘‘का? तुझी खोली आहे. खिडकी आहे. झाडं लाव हवी तेवढी.’’

‘‘तुझ्याकडे तोंड मिटून बसावं लागतं. इथंही बसतेच की.’’ आईनं शब्द जुळवायला वेळ घेतला. ‘‘इथं निदान तू बघत नसतेस.’’

मग बाईंना वाटलं, आपण तिच्या बोलीत बोललो तर? त्या खुर्चीजवळ खाली बसल्या, आईचा हात हातात घेतला, आणि किती तरी वर्षांत केलं नव्हतं ते केलं. ‘‘मा, यू डन कम विथ मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नोबडी नॉट टेल यू नथिंग.’’

स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना धक्का बसला. चढावरची पोरं मधल्या सुट्टीत खालच्या गल्लीतल्या पोरांच्या नकला करतात, अगदी तसा तो आवाज होता. शब्द ओळखीचे होते, पण ओठ त्यांच्याभोवती वेडेवाकडे होत होते. ‘डन’ तर पार चुकीच्या जागी पडला होता. अजून न झालेल्या गोष्टीला तो कुणी लावत नाही. गल्लीतल्या शेंबड्या पोरानंही लावला नसता.

आईनं हात काढून घेतला. जोरात नाही, सावकाश.

‘‘नको गं,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या तोंडून चेष्टा वाटते.’’

त्यानंतर ती बाईंशी कुठल्याच इंग्रजीत फारसं बोलली नाही. बाई दर रविवारी जात, शेजारी बसून टीव्ही बघत. धाकटा आला की तो आईला व्हरांड्यात नेई आणि तासन्‌तास बडबड करी. ती ऐकत असे, पण उत्तर देत नसे. एकदा ती त्याच्या कुठल्याशा विनोदावर हसली असं आधारगृहातल्या ताईनं बाईंना सांगितलं. बाईंनी तो विनोद काय होता म्हणून विचारलं. ताईला तो कळला नव्हता.

थंडीत आईच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. धाकट्यानं बाईंना कळवलं ते दुसऱ्या कुणाकरवी. माती देऊन झाल्यावर कारखान्यातल्या बायका एका बाजूला जमल्या होत्या. बाटल्या तपासून तपासून सगळ्यांच्याच डोळ्यांखाली सुरकुत्या. त्या आईच्या गोष्टी सांगत होत्या, एकीच्या तोंडातलं वाक्य दुसरी पळवत होती. रडत होत्या आणि मधूनच एखादी हसतही होती. मुकादमाची चाल कुणीतरी करून दाखवली. बाई लांबून ऐकत उभ्या राहिल्या. त्यांना सगळं समजत होतं, एकूण एक शब्द. त्यांना फार वाटलं की आपणही त्यांच्यात जाऊन नुसतं उभं राहावं. त्या चार पावलं पुढे झाल्या.

बायकांनी त्यांना पाहिलं आणि बोलणं थांबलं. पदर, ओढण्या, टोप्या सावरल्या गेल्या. त्यातली सर्वांत थोरली, आईच्याच रांगेत बसणारी, पुढे आली. तिनं बाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिला सांत्वन करायचं होतं आणि ते बाईंना शोभेल असंच करायचं होतं. तिनं आधी मनात जुळवाजुळव केली. ओठ हलले. बाईंना तिची धडपड दिसत होती.

‘‘युवर मदर,’’ ती अडखळत म्हणाली, ‘‘वॉज... वॉज ए व्हेरी... गुड वूमन.’’

आणि बरोबर आलं की नाही हे बघायला तिनं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

‘‘येस,’’ बाई म्हणाल्या.